तरुण सालारजंगांचं तैलचित्र: पगडीचा रंग कोणता, मागे काय काढायचं, खाली काय लिहायचं?

रेघोटी
तालुक्याच्या वाचनालयात हैदराबाद संस्थानातल्या माणसांची चित्रं लावायचं ठरलंय. त्यातलं एक मीर यूसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग. १९१२ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी दिवाण झाले, १९१४ च्या नोव्हेंबरात पद सोडलं आणि पुढं मरेपर्यंत वस्तू जमवत राहिले. चित्र या दोन वर्षांतल्या वयाचं हवंय. कॅनव्हास २४ × ३० इंच, तैलरंग. हाताशी जुन्या पुस्तकातला काळापांढरा छापील फोटो, त्यात चेहरा जेमतेम एक इंच. तीन प्रश्न:
१) पगडी आणि शेरवानीचे रंग कसे ठरवायचे?
२) मागे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली ती बुरख्यातल्या रेबेकाची मूर्ती दाखवावी का?
३) पाटीवर ‘थोर कलाश्रयदाते’ लिहा असं समितीचं म्हणणं आहे. चालेल का?

देवडी
आधी शून्यावा प्रश्न: फोटो नक्की तिसऱ्यांचाच आहे ना? सालारजंग ही पदवी आहे आणि ती तिघांना होती. आजोबा मीर तुराब अली खान (१८२९ ते १८८३), वडील मीर लायक अली खान आणि हे नातू. छापील पुस्तकांत आणि नेटवर ‘सर सालारजंग’ या एका नावाखाली तिघांची सरमिसळ आहे. छातीवर ‘स्टार ऑफ इंडिया’चा तारा दिसला तर ते आजोबा, कारण जी.सी.एस.आय. (त्या इंग्रजी सन्मानाची सर्वांत वरची श्रेणी) ते होते. आणखी एक फसगत म्हणजे आजोबाही चोविसाव्या वर्षी, १८५३ ला दिवाण झालेले. त्यामुळं ‘तरुण दिवाण सालारजंग’ एवढ्या ओळीवर अजिबात जाऊ नका.
नातवाचा जन्म १३ जून १८८९, पुण्यात. वडील जुलैत वारले, तेव्हा पोर महिन्याचंही नव्हतं.

कडबा
तिघांचं एकच नाव, मग फेरफार कसा वो घेत असतील तलाठी?

देवडी
@कडबा, जहागीरदाराला तलाठ्याची काय भीती. तलाठीच भीत असेल.

टर्पेंटाइन
फोटो खरा निघाला असं धरून पुढचं सांगतो.

छापील फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी. मोबाइलनं काढून मोठा केला की जाळीवर जाळी चढते आणि गालावर लाटा दिसायला लागतात. स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा, पुस्तक काचेवर चार-पाच अंश तिरकं ठेवून एक प्रत जादा घ्या, मग हलकं धूसर करून आकार निम्म्यावर आणा. ठिपके विरघळतात, छटा उरतात. कुठलंही ‘फोटो सुधारा’ अ‍ॅप वापरू नका. ते स्वतःच्या मनानं डोळे घालतं आणि तुम्ही भलत्याच माणसाचं चित्र काढून बसता.

चेहरा कॅनव्हासवर हनुवटीपासून टाळूपर्यंत सात-साडेसात इंच घ्या. खऱ्या माणसाचा साडेआठ-नऊच्या आसपास असतो, पण हुबेहूब मापाचा चेहरा भिंतीवर मोठाच वाटतो. म्हणजे एक इंचाचे सात इंच. मूळ फोटोत एक मिलिमीटर चुकलात की कॅनव्हासवर सात चुकले, डोळा पार कानाकडं सरकतो. म्हणून स्कॅनची प्रिंट आधी ८ × १० इंचांची काढा, प्रमाण ४ : ५ हेच ठेवा, त्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखा आणि कॅनव्हासवर तीन-तीन इंचांचे. चेहऱ्याच्या चौकोनांत आणखी चार-चार भाग पाडा. पेन्सिल नको, विलो कोळसा घ्या. पेन्सिलची रेघ पुढं वर्षांनी रंगातून वर येते.

हिमरू
आता कपडे. पहिली दुरुस्ती: ‘पगडी’ म्हणू नका. निजामाच्या दरबारात अमीर-उमरावांची ती दस्तार. कमरेला बकलचा पट्टा, त्याला बगलूस म्हणत. दरबारात दस्तार आणि बगलूस दोन्ही लागत, त्यामुळं फोटोत दोन्ही असतील तर तो दरबारी पोशाख. डोक्यावर फक्त टोपी असेल तर घरचा किंवा स्टुडिओतला. त्यावरून अख्ख्या चित्राचा नूर ठरतो.

रंगाचं म्हणाल तर त्या काळच्या काचेच्या प्लेटा आपल्या डोळ्यासारखं बघत नव्हत्या. साधी प्लेट फक्त निळा-जांभळा उजेड पकडायची. निळं कापड जवळपास पांढरं उमटतं, पिवळं आणि लाल काळपट. सुधारलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटवर पिवळं जरा सावरतं, लाल मात्र काळंच. निजामाच्या आसफजाही घराण्याचा रंग पिवळा म्हणून जो तो दस्तार पिवळी रंगवून मोकळा होतो. पण तुमच्या फोटोत दस्तार शुभ्र दिसत असेल तर ती पिवळी असायची शक्यता फार कमी. शुभ्र, मोतिया किंवा फिकी निळी धरा. मध्यम किंवा गडद दिसली तरच पिवळ्याकडं जा.

चेहऱ्यालाही हेच लागू. कातडीत लाली असते, ती प्लेटवर काळवंडते. म्हणून फोटोत दिसतो त्याहून वर्ण एक पायरी उजळ घ्या. ओठ फोटोत गडद दिसतात ते याच कारणानं.

कडबा
म्हणजे पान नव्हतं तोंडात. बरं झालं सांगितलं, निम्मे चित्रकार नवाबाला पान खायला घालतात.

गोदाकाठ
हैदराबादचा फोटो म्हणजे राजा दीनदयाळांचाच असणार. त्यांच्या स्टुडिओची शैली बघून रंग ठरवता येतील.

देवडी
@गोदाकाठ, दीनदयाळ १९०५ ला गेले. तेव्हा यूसुफ अली सोळा वर्षांचे होते. फोटो पोरसवदा वयातला असेल तर एक वेळ शक्य, दिवाण असतानाचा असेल तर नाहीच. आणि स्टुडिओ कुठलाही असो, निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची पद्धत सगळीकडं होती. पापण्यांची कड ठळक करायची, गालावरचे खड्डे, डोळ्याखालच्या रेषा घासून काढायच्या. त्यामुळं फोटोत गाल केळीच्या खांबासारखा गुळगुळीत दिसतो. तो तसाच उतरवला तर मेणाचा पुतळा होतो.

रेघोटी
फोटो बघितला. तारा नाही. दस्तार आहे, ती मध्यम छटेची, शुभ्र नाही. शेरवानीवर बारीक बुट्टे आहेत. नाकाच्या एका बाजूला पूर्ण अंधार आहे, तिथं काय करायचं?

टर्पेंटाइन
अंधार अंधारच ठेवा. तिथं तपशील ‘कल्पनेनं’ भरायला गेलं की चेहरा बदलतो. फक्त अंधाराचा रंग काळा नको: बर्न्ट अंबर, त्यात जरासा अल्ट्रामरीन.

पहिला थर नुसत्या बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. सगळी छाया-उजेडाची मांडणी त्यातच संपवा. अंबर लवकर वाळतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत हात लावता येतो. आयव्हरी ब्लॅक तळाला कधीच नको. तो वाळायला फार वेळ घेतो, वरचा थर आधी वाळून ताणला जातो आणि चित्राला भेगा पडतात. वर चढत जाल तसं तेल वाढवायचं: दुसऱ्या थराला टर्पेंटाइन दोन भाग जवस तेल एक भाग, शेवटच्याला निम्मं-निम्मं. उलटं केलं की तडकलंच समजा. पांढऱ्यात झिंक व्हाइट टाळा, ठिसूळ होतो. टायटॅनियम घ्या.

दस्तार पिवळी करणार असाल तर तिची सावली काळ्यानं करू नका. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवा होतो आणि दस्तारीवर शेवाळ चढल्यासारखं दिसतं. उजेडात कॅडमियम यलो आणि पांढरा, मधे यलो ऑकर, सावलीत रॉ अंबर आणि नखभर जांभळा. जरीकाम असेल तिथं सोनेरी पावडरीचा रंग अजिबात नको, ती पितळेची असते आणि काही वर्षांत काळी-हिरवी पडते. सोनं दाखवायला सोनं लागत नाही. ऑकर, बर्न्ट अंबर आणि अगदी थोड्या जागी लेमन यलोत पांढरा, हे तीन टिपके शेजारी बसले की डोळा स्वतःच सोनं करून घेतो.

हिमरू
बुट्ट्यांची शेरवानी हिमरूची की किमखाबाची ते आधी ओळखा. हिमरूत ताणा सुती, बाणा रेशमी, चकाकी मवाळ. किमखाबात जरीची तार असते, तिथं उजेड टोचतो. फोटोत बुट्ट्यांवर पांढरे टिपके फुटले असतील तर किमखाब. औरंगाबादचा अभिमान म्हणून बळंच हिमरू घालू नका त्यांना.

बुट्टे काढताना आधी पूर्ण शेरवानी बिनबुट्ट्याची रंगवा, घड्यांसकट, आणि वाळू द्या. मग लायनर ब्रशनं बुट्टे. घडीत शिरला की बुट्टा तुटला पाहिजे, बाहीवर वळला पाहिजे. सगळीकडं सारखे बुट्टे मारले की माणसानं पलंगपोस पांघरल्यासारखा दिसतो. गळपट्टी आणि छातीवर उजेड पडतो तिथं नीट, बाकी अंधारात सोडून द्या.

लेणापूर
दुसऱ्या प्रश्नाकडं येऊ. रेबेका कशाला? मागे अजिंठा दाखवा की! अजिंठा सालारजंगांच्या जहागिरीत होतं. कलेचा आश्रयदाता आणि मागे लेणी, मराठवाड्यातल्या वाचनालयाला याहून चांगलं काय हवं?

देवडी
जहागिरीत अजिंठा होतं हे खरं. कोप्पळ, यलबुर्गा, कोसगी, दुंडीगल अशी विखुरलेली जहागीर होती त्यांची, त्यात आपल्याकडचं अजिंठा. पण लेण्यांचं जतन हे त्यांचं काम नव्हे. ते निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचं. खातं १९१४ ला निघालं, गुलाम यझदानी प्रमुख. १९२० ते २२ मध्ये इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणले तेही सरकारनंच. लेणं मागे दाखवलंत की बघणारा ते श्रेय या तरुणाच्या खात्यावर टाकणार.

आणि रेबेका तर मुळीच नको. बेंझोनीची ती मूर्ती १८७६ ला रोममध्ये आजोबांनी घेतली. नातवाच्या जन्माच्या १३ वर्षं आधी! संग्रहालयात सगळं एका नावाखाली आहे म्हणून लोकांना वाटतं एकट्यानंच जमवलं. बहुतांश त्यांनीच जमवलं हे बरोबर, पण लोकांच्या डोळ्यांसमोर जी वस्तू पहिली येते ती नेमकी त्यांची नाही.

लेणापूर
मान्य. मग संग्रहालयातलं ते घड्याळ? दर तासाला दाढीवाला बाहेर येऊन घंटा मारतो ते.

टर्पेंटाइन
घड्याळ काढलं की काटे काढावे लागतात. काटे काढले की प्रत्येक जण आधी किती वाजले ते बघणार, मग चेहरा. व्यक्तिचित्रात घड्याळ, आरसा आणि मांजर टाळावं.

अंबाझरी
रॉबर्ट गिलला का विसरता सगळे? अजिंठा गावात राहून वर्षानुवर्षं लेण्यांच्या नकला काढल्या बिचाऱ्यानं, आणि १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून बहुतेक सगळ्या गेल्या. त्याची आणि तिथल्या पारोची प्रेमकहाणी…

कडबा
झालं. आता पाचशे प्रतिसाद पारोवर. रेघोटीताई, तुमचे नवाब गेले बाजूला.

उदगिरी
एक वेगळं विचारतो. हे चित्र १७ सप्टेंबरला लावणार आहात का? मुक्तिसंग्राम दिनी निजामाच्या दिवाणाला हार घालायचा? गावात विचारतील तर काय सांगणार?

रेघोटी
तारीख अजून ठरली नाही. तो मुद्दा समितीतही निघालाय.

देवडी
दिवाण १९१२ ते १४. रझाकारांचा काळ चाळिशीच्या दशकातला. दोन्ही एका दोरीत बांधू नका. पण १७ सप्टेंबर टाळा, त्या दिवशी भिंत ज्यांची आहे त्यांचीच राहू द्या.

उदगिरी
रझाकारांशी बांधतच नाही मी. माझं म्हणणं पैशाचं आहे. ‘आश्रयदाता’ म्हणजे काय? जो जिवंत कलावंताला काम देतो, पोटाला देतो, तो. यांनी काय केलं? दिवाण देवडीवर (त्यांच्या वाड्यावर) व्यापाऱ्यांची रांग, परदेशातल्या दलालांकडून याद्या यायच्या, यादीवर खूण केली की माल जहाजावर. हे तर गिऱ्हाईक झालं. मोठं गिऱ्हाईक, रसिक गिऱ्हाईक, पण गिऱ्हाईकच. आणि पैसा आला कुठून? जहागिरीच्या साऱ्यातून. अजिंठ्याच्या कुणब्यानं जोंधळा विकून भरलेला हाली (निजामी) रुपया युरोपातल्या चिनीमातीच्या बशीला गेला. खरा आश्रयदाता म्हणाल तर तो कुणबी. त्याचं चित्र लावा.

हिमरू
@उदगिरी, साऱ्याचं बोललात ते खोडता येणार नाही. पण ‘नुसतं गिऱ्हाईक’ हे अर्धं झालं. कवी-लेखकांना त्यांनी हात दिला, पुस्तकं छापायला पैसा दिला. अरबी-फारसी-उर्दू हस्तलिखितं जमवली. संग्रहालयाच्या ग्रंथालयात हजारोंनी हस्तलिखितं आहेत. हस्तलिखित काही दिवाणखान्यात मिरवायला घेत नाही कुणी. शिवाय तुमची व्याख्या लावली तर जुन्या वस्तू सांभाळणारा एकही माणूस आश्रयदाता ठरणार नाही.

उदगिरी
नाहीच ठरत. त्याला संग्राहक म्हणतात. शब्द आहे की मराठीत.

गोदाकाठ
पण शेवटी लोकांना मिळालंच ना सगळं?

देवडी
मिळालं, पण त्यांनी दिलं असं सरळ म्हणता येत नाही. २ मार्च १९४९ ला ते वारले, लग्न केलेलं नव्हतं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादेत जहागिऱ्या रद्द झाल्या. साडेपाच महिन्यांत मालकही गेला आणि उत्पन्नही. अशा वेळी संग्रह बाजारात फुटून जायचा. तो फुटला नाही याचं श्रेय त्या वेळच्या प्रशासनाला आणि इस्टेटीची व्यवस्था बघणाऱ्या समितीला. जेम्स कझिन्स या कलासमीक्षकानं मांडणी केली, १६ डिसेंबर १९५१ ला नेहरूंनी दिवाण देवडीतच संग्रहालय उघडलं. १९६१ ला संसदेनं कायदा करून राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवली, १९६८ ला मुसीकाठच्या नव्या इमारतीत सगळं हललं. म्हणजे जमवणारा एक आणि लोकांपर्यंत पोचवणारे दुसरे.

तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं. पंचविसाव्या वर्षी संस्थानातलं सर्वांत मोठं पद सोडलेला माणूस पुढं ३४ वर्षं जगला. त्या ३४ वर्षांत शिकार, शर्यती, मोटारी यांत जहागीर उडवणारे अमीर हैदराबादेत कमी नव्हते.

कडबा
म्हणजे उडवायचीच तर बशीवर उडवलेली बरी. बशी निदान उरते.

उदगिरी
@कडबा, हे मात्र पटलं.

टर्पेंटाइन
भांडण मिटलं असेल तर त्यातूनच उत्तर निघतंय बघा. उदगिरी म्हणतात यादी. मग हातात यादीच द्या. डाव्या हातात दुमडलेला कागद, दोन-तीन ओळी अंधुक, अक्षरं वाचता येणार नाहीत अशा. मागे काहीच नको, अंबर आणि जरासा हिरवा मिसळून गडद भिंत, चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला किंचित उजळ आणि उजेडाच्या बाजूला किंचित गडद. त्यानं डोकं भिंतीपासून सुटतं. मूर्ती नाही, लेणं नाही. ज्याला माहीत आहे त्याला कागद कळेल, बाकीच्यांना ते दिवाणाचं दफ्तर वाटेल. दोन्ही खरंच आहे.

हात फोटोत नसेल तर आपल्याच घरातल्या पंचविशीच्या पोराला तसाच कागद धरून खिडकीशी बसवा, उजेड फोटोत ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं. हाताची लांबी हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत. लहान हात ही फोटोवरून केलेल्या चित्रांतली कायमची चूक.

लेणापूर
कागदाची कल्पना झकास. अजिंठ्याचा हट्ट सोडला.

हिमरू
कागद पांढरा नको. तो चित्रातला सगळ्यांत उजळ ठिपका होईल आणि नजर चेहऱ्यावरून खाली घसरेल. ऑकर मिसळून मळकट ठेवा, कपाळाच्या उजेडापेक्षा दोन पायऱ्या खाली.

गोदाकाठ
वार्निश कोणतं? फर्निचरवाल्याकडचं चालतं का? स्वस्त पडतं.

टर्पेंटाइन
देवा. नको! लाखेचं वार्निश काय करतं ते अजिंठ्यातच बघायला मिळतं. आधीच्या नकला काढणाऱ्यांनी चित्रं उजळ दिसावीत म्हणून वार्निश फासलं, मग त्या इटालियन जाणकारांनी रंग धरून ठेवायला लाख वापरली. वर्षांनी ती पिवळी-तपकिरी झाली, आणि ती उतरवायला पुढं पुरातत्त्व खात्याला किती खपावं लागलं. जाणकारांच्या हातून झालं हे, आपण कोण.

चित्रकलेच्या दुकानात मिळणारं, पुन्हा उतरवता येईल असं मॅट वार्निश घ्या. लावायचं चित्र पुरतं वाळल्यावर, म्हणजे सहा महिने ते वर्षभरानं. घाई असेल तर रिटचिंग वार्निशचा पातळ हात देऊन लावा आणि खरं वार्निश पुढच्या वर्षी. पावसाळ्यात वार्निश करू नका, दमट हवेत पांढुरकी साय येते. आणि पावसाळ्यात कॅनव्हास ढिला पडला म्हणून पाचरी ठोकत बसू नका. मार्च-एप्रिलात कोरड्या हवेत तोच ताणतो, तेव्हा ठोकलेल्या पाचरी कोपरे फाडतात.

अंबाझरी
वाचनालयात खिडकीसमोर लावणार असाल तर चित्राची वरची बाजू भिंतीपासून इंच-दीड इंच पुढं झुकवा, म्हणजे चकाकी जमिनीकडं जाते. मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा. जुन्या चुन्याच्या भिंतीची ओल आणि वाळवी दोन्ही कॅनव्हासच्या पाठीतूनच येतात. (पारोबद्दल वेगळा धागा काढतो.)

कडबा
काढाच.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: दस्तार ऑकरकडं झुकणारी पिवळी, शेरवानी किमखाबाची (टिपके फुटलेले आहेत, हिमरूंनी सांगितल्यावर दिसले), हातात कागद, मागे भिंत. पाटीचं मात्र अडलंय. समिती ‘थोर कलाश्रयदाते’वरून हलायला तयार नाही.

देवडी
‘थोर’ आधी काढा, त्यानं दोन अक्षरांची जागा वाचेल. मग लिहा: ‘मीर यूसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९ ते १९४९). हैदराबादचे दिवाण, १९१२ ते १९१४. कलासंग्राहक. अजिंठ्याचे जहागीरदार.’ समितीला वाईट वाटायला नको आणि उदगिरींचा कुणबीही शेवटच्या शब्दात आला.

उदगिरी
चालतंय. फक्त ‘जहागीरदार’ बारीक अक्षरात नको.

रेघोटी
एकाच मापात लिहीन. अजून एक, संग्रहालयातलं त्यांचं मोठं चित्र रंग लावायच्या आधी बघून यायचा विचार आहे. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी तिथं पोचते.

हिमरू
शुक्रवारी बंद असतं. शनिवारी पोचा, आणि सोबत रंगांची पट्टी घेऊन जा. मोबाइलमधल्या फोटोत पिवळा कधी खरा येत नाही.